काशीभाऊंची परात

काशीभाऊंनी मला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं, तेव्हा माझ्याच ताटात माझ्या शत्रूलाही बसवलं होतं.

ताट कसलं, परातच ती. पितळेची, जाडजूड, तान्ह्या पोराला आंघोळ घालता येईल एवढी, आणि काठाला एका बाजूला चांगला पोचा आलेला. परातीच्या अलीकडे मी, पलीकडे दामू. दामूचा कोंबडा रोज पहाटे माझ्या मोटारसायकलच्या सीटवर चढून बांग देई, आणि बांग देता देता सीटवर बाकीचंही सगळं उरकून घेई. त्यावरून आमचं बोलणं बंद होतं. मध्ये काशीभाऊ भाताचं पातेलं घेऊन उभे.

"जेवा," ते म्हणाले. "एका परातीत जेवला की मिटला."

भात होता, वालाचं बिरडं होतं, भाजलेले सुके बोंबील होते. पहिले घास आम्ही दोघांनी खाली मान घालून गिळले. पण एका परातीतून जेवताना हाताला हात लागतोच. शेवटी बोंबलाचा एकच तुकडा उरला. दामूनं तो माझ्याकडे सरकवला. मी त्याच्याकडे सरकवला. त्यानं पुन्हा माझ्याकडे.

"मिटला!" काशीभाऊ म्हणाले, आणि तो तुकडा स्वतः उचलून तोंडात टाकला.

कोंबडा अजूनही माझ्या सीटवर चढतो. फरक एवढाच की आता मी डिकीत फडकं ठेवतो.

आमचं गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. गावात तंटामुक्ती समिती निघाली तेव्हा काशीभाऊ तिचे अध्यक्ष झाले. पुढे समितीचा फलक गंजला, सभासद पांगले, काही वरही गेले. काशीभाऊ मात्र अध्यक्षच राहिले. कारण त्यांना काढायचं तर सभा बोलवावी लागणार, आणि सभा बोलवायचा अधिकार अध्यक्षांना.

माझं म्हणाल, तर खालापूरला सरकारी कचेरीबाहेर माझं टेबल आहे. मी लोकांचे अर्ज टाईप करून देतो. बांध कोरला, झाड तोडलं, वाट अडवली, असल्या तक्रारींवर माझं घर चालतं. म्हणजे मी तंट्यावर जगतो आणि काशीभाऊ तंटे मिटवतात. तरी आमचं जमतं, कारण तंटे आम्हां दोघांना पुरून उरतात.

पांढरा लेंगा, वर शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि सायकलच्या हँडलला कापडी पिशवीत ती परात. हा माणूस असा रस्त्यानं निघाला की कुणाच्या तरी घरी आज जेवण आहे, हे गावाला कळे. सासू-सुना जेवल्या, सख्खे व्याही जेवले, डोंगरावरच्या ठाकरवाडीतले पाण्याच्या नळावरून डोकी फुटलेले दोन गडीही त्यात जेवून आले. "दोनी बाजू आपल्याच हायेत," हे त्यांचं दुसरं वाक्य. गावच्या क्रिकेट स्पर्धेत एकदा त्यांना पंच केलं होतं. शेवटच्या चेंडूवर धावबाद होता की नव्हता यावरून राडा झाला, तेव्हा त्यांनी दोन्ही संघ जिंकल्याचं जाहीर केलं आणि चषक देवळात ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे. त्यात उदबत्त्या ठेवतात.

जेवण झालं की ते परातीची गोष्ट सांगत. "ही आमच्या आयची परात. मी नि माझा भाव हिच्यात वाडलो. आयनं कदी दोन ताटं मांडली नायत. म्हनून आमच्यात कदी भांडान नाय."

गाव ही गोष्ट खाली मान घालून ऐके. कारण काशीभाऊंच्या परसात एक भिंत आहे, सिमेंटच्या विटांची, उभ्या माणसाचं नुसतं डोकं वर दिसेल एवढी उंच. त्या भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ हिराजी राहतो. दोघांचं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली ते गावात कुणाला नीट सांगता येत नाही.

तंटा पागोळीचा. आई गेल्यावर घराची वाटणी झाली, तीही हसतखेळत. मग काशीभाऊंनी आपल्या बाजूला नवे पत्रे घातले, आणि त्या पत्र्यांचं पाणी पावसाळाभर हिराजीच्या अंगणात, त्याच्या भाजीच्या वाफ्यांवर पडायला लागलं. हिराजी एक शब्द बोलला. काशीभाऊ थोरलेपणानं दोन बोलले. दिवाळी यायच्या आत हिराजीनं भिंत घातली. असले पागोळीचे तंटे काशीभाऊंनी किती मिटवलेत! पण हा समितीपुढे आलाच नाही. अध्यक्षांवरच्या तंट्याला अध्यक्ष कोण होणार?

"भिंत त्यानं घातली," एवढंच ते म्हणत. तेही कुणी विचारलं तर. आणि कुणी विचारत नसे.

अशा या घरात दोन कासवं आली.

कळंबकडच्या एका बंगल्याच्या कुंपणाचा तंटा काशीभाऊंनी मिटवला होता. बंगलेवाले मुंबईचे. त्यांनाही परातीत जेवायला बसवलं होतं, आणि त्यांनी म्हणे हौसेनं फोटो काढले. पुढे ते बंगला विकून परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी आपली कासवांची जोडी काशीभाऊंना देऊन टाकली. पाठीवर चांदण्या असलेली आपल्याकडची कासवं पाळायला बंदी आहे. ही ती नव्हेत. ही आफ्रिकेतली, कोरड्या मुलखातली, रीतसर नोंद असलेली. नोंदीवरचं नाव बदलायचे अर्ज मीच टाईप केले, म्हणून खात्रीनं सांगतो.

"लोकांना सत्कारात शाल देतात," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे काशीभाऊंच्या पत्नी. "आमच्या ह्यांना कासवं."

काशीभाऊंनी दोघांची नावं ठेवली, थोरला आणि धाकटा. थोरला शिगोशीग भरलेल्या घमेल्याएवढा, धाकटा त्याच्याहून चांगलाच लहान. नावं ऐकून वहिनींनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे बघितलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

थंडीभर सगळं सुरळीत होतं. दोघं उन्हाला बसत, गवत खात. काशीभाऊ बाजेवर बसून त्यांच्याकडे बघत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "बगा, मुकं जनावर, पन कसं मिळून ऱ्हातंय." मग ऊन तापायला लागलं, कासवं वयात आली, आणि परसातून आवाज यायला लागला. ठक्.

थोरला मान आत ओढायचा, जरा मागं सरायचा आणि पुढं येऊन धाकट्यावर आदळायचा. ठक्. पुन्हा मागं, पुन्हा ठक्. कुणीतरी दार वाजवावं तसा आवाज. पहिले काही दिवस वहिनी आतून "कोन हाय?" म्हणून विचारत. मग त्यांना सवय झाली, इतकी की मी एकदा खरोखरच दार वाजवत उभा होतो आणि आतून आवाज आला, "घे वाजवून. दमलास की थांबशील."

काशीभाऊंनी रीतसर सुनावणी घेतली. परसात गोणपाट अंथरलं, एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा, तोंडं समोरासमोर. समितीचा साक्षीदार म्हणून मी.

"बोल रं, तुजं काय म्हनना हाय?" त्यांनी धाकट्याला विचारलं. धाकट्यानं डोकं आत घेतलं.

"ह्यो घाबरतो." ते थोरल्याकडे वळले. "तू थोरला हायस. थोरल्यानं समजून घ्याया पायजे. का नाय?"

स्वयंपाकघरात एक भांडं जरा जास्तच जोरात आपटल्याचा आवाज आला. थोरल्यानं उत्तर म्हणून गोणपाट ओलांडलं आणि धाकट्याला जाऊन धडकला.

मग अर्थातच परात निघाली. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, ओलं गवत, सगळं परातीत घालून दोघांच्या मध्ये ठेवलं. थोरल्यानं एक पाय परातीत रोवला आणि आडवा होऊन जेवायला बसला. धाकटा या बाजूनं आला, थोरला वळला. त्या बाजूनं आला, थोरला तिकडे वळला. रोज परात, रोज हेच. काही दिवसांनी धाकटा परातीकडे यायचाच बंद झाला. सरपणाच्या ढिगामागं डोकं आत घेऊन पडून राही.

"रुसलाय," काशीभाऊ म्हणाले.

"भाऊ, दोन वेगळी ताटं का मांडत नाही?" मी विचारलं.

"येगळी ताटं मांडली की येगळी चूल मांडाया येळ नाय लागत," ते म्हणाले, आणि असे काही माझ्याकडे बघत राहिले की मी विषय बदलला.

चैत्रातल्या एका रविवारी काशीभाऊ ठाकरवाडीत कुणाचा तरी तंटा मिटवायला गेले होते. वहिनी माहेरी. मी घरात आडवा झालो होतो. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. इतक्यात हाक आली, "अरं, हाय का कुनी? उलटलाय! कासव उलटलाय रं!"

मी काशीभाऊंच्या परसात धावलो. धाकटा पाठीवर पडलेला, भर उन्हात, पाय हवेत, तेही हलेनासे झालेले. थोरल्याच्या गळ्याखाली कवचाचा एक फाळ पुढं आलेला आहे. तो खाली घालून त्यानं धाकट्याला सरळ उलथवला होता आणि आता बाजूला शांतपणे गवत खात होता. भिंतीवर हिराजीचं नुसतं डोकं दिसत होतं.

"बगत काय बसलास? सरळ कर आदी! सावलीला घे!"

मी धाकट्याला उचलून सावलीत आणलं. डोकं पुन्हा दिसेनासं झालं आणि भिंतीवरून एक निळा प्लॅस्टिकचा टब खाली आला, मागोमाग पाण्यानं भरलेली कळशी.

"टबात थोडं पानी वत. तोंड वर ऱ्हाऊ दे त्याचं. नायतर बुडवशील."

"तुम्हाला कसं कळलं हिराजीभाऊ?"

"ठक् ठक् चाललाच व्हता सकाळपासून," हिराजी म्हणाला. "मंग एकदम थांबला. थांबला तवा बगितला."

म्हणजे हा माणूस इतके दिवस पलीकडे बसून आवाज मोजत होता तर. त्यानं भिंत मात्र ओलांडली नाही. मनात आणलं असतं तर एका उडीचं काम होतं. बऱ्याच वेळानं धाकट्यानं मान बाहेर काढली आणि पाण्याला तोंड लावलं. हिराजीनं तोंडावरून हात फिरवला.

"माजं नाव नको सांगू," तो म्हणाला, कळशी मागून घेतली आणि गेला. टब मात्र इकडेच राहिला.

संध्याकाळी काशीभाऊ आले. मी झालेलं सांगितलं, हिराजीचं नाव तेवढं गाळलं. ते धाकट्याशेजारी खाली मातीतच बसले. त्यांनी टब उलटसुलट करून बघितला. तो कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. तो टब वर्षानुवर्षं भिंतीपलीकडे दोरीखाली कपडे झेलत आलेला. भिंतीवरून डोकावल्याशिवाय तो दिसत नाही, आणि काशीभाऊ तर म्हणत की आपण तिकडे बघतही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही धाकट्याला कर्जतला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी धाकट्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दोन्ही नर आहेत. दोन नर एका परसात राहत नाहीत."

"मिळून ऱ्हातील, बाई. लहानपनापासून एकत्र हायेत."

"लहानपणी राहतात. मोठे झाल्यावर नाही."

"आमी एकाच परातीत वाडतो त्यांना."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, तेच तर चुकतंय. खाणं एकत्र ठेवलं की जास्त भांडतात. हा धडक बसून मरायच्या आधी उपाशी मरेल. अजून एकदा असा उन्हात उलटला तर माझ्याकडे आणूच नका, उपयोग नाही. वेगळे ठेवा, आणि मध्ये आरपार दिसणार नाही असं काहीतरी घाला."

"येगळा ठेवला तर त्याला करमल कसा? एकटा पडंल तो."

"कासवाला सोबत लागत नाही काका. एकटं असलं की ते सुखात असतं."

काशीभाऊंनी धाकट्याला उचलून त्या निळ्या टबात ठेवलं. परतताना रिक्षात टब मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या फाट्यावर उतरताना म्हणाले, "शिकलेली हाय बाई. पन सोबत लागत नाय असा कुटं जनावर असतो का रं?"

तरी त्यांनी अर्धं ऐकलं. परसाच्या मधोमध तारेची जाळी ठोकली. वेगळे तर वेगळे, पण एकमेकांना दिसू तरी देत, असा त्यांचा मधला मार्ग. दोनी बाजू आपल्याच! परिणाम असा झाला की थोरला दिवसभर जाळीला धडका देत राहिला. नाक सोलवटून घेतलं, पण हटला नाही. समोर धाकटा दिसतोय आणि हाती लागत नाही, यानं तो आणखीच पिसाळला. धाकटा जाळीपासून लांब, सरपणामागं, उपाशीच. त्याचे डोळे खोल गेले होते. काशीभाऊ हातात जास्वंदीचं फूल धरून तासन्‌तास त्याच्यासमोर उकिडवे बसत. तो तोंड उघडत नसे.

कळंबच्या एका रिसॉर्टवाल्यानं धाकट्याला मागितलं होतं. लहान मुलांना पाठीवर बसवून फोटो काढता येतील म्हणाला. काशीभाऊंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तंटामुक्तीच्या अध्यक्षांना मी त्या दिवशी पहिल्यांदा शिवी देताना ऐकलं.

"आरपार दिसायला नको, अशी भिंत पायजे," एका सकाळी ते माझ्याकडे येऊन म्हणाले. "माज्या परसात नवी भिंत घातली तर थोरल्याला हलाया जागा नाय ऱ्हायची."

 आम्हां दोघांनाही ठाऊक होतं की तशी एक भिंत परसात आधीच उभी आहे.

"अर्ज लिव," ते म्हणाले. "हिराजीच्या नावानं."

मी कागद चढवला. 'विषय: कासव ठेवून घेणेबाबत' एवढं टाईप करून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, कागद यंत्रातून ओढून काढला आणि घडी करून खिशात घातला.

"सख्ख्या भावाला अर्ज करतात काय? चल माज्याबरोबर."

"भाऊ, मी कोण म्हणून येऊ?"

"तू समितीचा मानूस. मी आज समिती नाय. मी पार्टी हाय."

भिंतीवरून हिराजीचं घर हाताच्या अंतरावर. रस्त्यानं मात्र देवळाला वळसा घालून जावं लागतं. काशीभाऊंनी धाकट्याला त्या निळ्या टबात ठेवलं होतं आणि टब दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. देवळापाशी बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. काशीभाऊंनी त्यांना ऐकू जाईल असं मला सांगितलं, "टब द्यायचा व्हता. रिकामं भांडं परत देऊ नये म्हनतात."

हिराजी पडवीत कोयत्याला धार लावत होता. त्यानं वर बघितलं. कोयता खाली ठेवला.

"बस," तो मला म्हणाला.

काशीभाऊ उभेच. त्यांनी टब पडवीच्या कडेला ठेवला. हिराजीनं वाकून आत बघितलं.

"धाकटा ना ह्यो?"

"हां."

"हडकलाय."

"खात नाय. थोरला खाऊ देत नाय त्याला." काशीभाऊंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. गावाचे तंटे सोडवताना तो सगळ्या आळीला ऐकू जाई. "तुजा गोठा मोकळा हाय. कोरडा हाय. भिंत बी हाय मदी. म्हनून आनला. नाय म्हनलास तरी चालंल."

 हिराजीनं परड्यातून मूठभर कोवळं गवत आणून टबात टाकलं. धाकट्यानं बघितलं, पण तोंड लावलं नाही.

"काय पन केला नाय असा नाय," काशीभाऊ म्हणाले. आता ते जवळजवळ तक्रार करत होते. "रोज एका परातीत वाडत व्हतो दोगांना. आपल्या आयच्या परातीत. आपन जेवायचो तसा."

हिराजी हसला. हसू आवरेना म्हणून त्यानं तोंडाला टॉवेल लावला.

"एका परातीत? नि मदला बांद?"

"कसला बांद?"

"भाताचा बांद! आय मदी भाताचा बांद घालायची ना, चांगला हातभर उंच. हिकडचा तुजा, तिकडचा माजा. तू माज्यातला मासा वडायचास म्हनून. बांद घातला की दोगं गप जेवायचो."

"मला नाय आठवत."

"तुला कसा आठवंल?" हिराजी म्हणाला. "मासा खानारा तू व्हतास."

काशीभाऊ पडवीच्या पायरीवर बसले. त्यांनी टॉवेलनं मान पुसली, मग तोंड, मग पुन्हा मान. मला तिथं थांबवेना. मी उगाच रस्त्याकडे बघत राहिलो. गावभर हा माणूस ती परात घेऊन हिंडला होता आणि तिच्यातली अर्धी गोष्ट विसरून हिंडला होता. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. दोन्ही खरंच आलं.

तेवढ्यात टबातून बारीक आवाज आला. धाकटा गवत खात होता.

"ऱ्हाऊ दे त्याला," हिराजी म्हणाला.

इतकंच. गळाभेट नाही, रडारड नाही. गावाला पुढे ऐकायचं होतं, पण पुढे काही घडलंच नाही. भिंत तशीच राहिली. थोरला थोडे दिवस परसात शोधाशोध करत फिरला आणि मग धाकट्याला विसरून गेला. समोर कुणी दिसत नाही म्हटल्यावर त्याचा रागच संपला. त्याचं नाक भरून आलं. वहिनी आता दार वाजलं की लगेच उघडतात.

काशीभाऊ मात्र विसरले नाहीत. रोज सकाळी त्याच परातीत पाला भरून ते ती भिंतीवर ठेवत, आणि संध्याकाळी परात रिकामी, धुतलेली, पुन्हा भिंतीवर असे. दोघं एकमेकांना दिसत नसत. जूनच्या आधी काशीभाऊ शिडी लावून पत्र्यावर चढले आणि सबंध कडेला पन्हळ ठोकून घेतला. पाणी आता त्यांच्याच अंगणात पडतं.

"डॉक्टरीनबाई म्हनाल्या, त्या कासवाला ओल चालत नाय," मी न विचारताच त्यांनी सांगितलं.

धाकटा गोठ्यात होता, छपराखाली, पागोळीपासून चांगला लांब. पण मी म्हटलं, बरं केलंत.

तंटे मिटवायची त्यांची पद्धतही बदलली. आता जेवायला बसायच्या आधी ते परातीत मधोमध भाताचा उंच बांध घालतात आणि दोन्ही पार्ट्यांना बजावतात, "आदी बांद, मंग घास." लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला चळ लागला. पण तंटे पूर्वीपेक्षा जास्त मिटतात, आणि माझ्या टेबलावरची गर्दी त्या मानानं घटली आहे, हे मला मान्य करावं लागतं.

या थंडीत वालाच्या शेंगा भरल्या आणि शेताशेतांतून पोपटी लागायला लागल्या. मडक्यात शेंगा भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून वर जाळ करायचा. एका संध्याकाळी मी काशीभाऊंकडे बसलो होतो. भिंतीवर परात ठेवल्याचा आवाज आला. ते उठून आणायला गेले आणि तिथेच उभे राहिले. मी जवळ गेलो.

परात रिकामी नव्हती. अर्ध्या परातीत वाफाळलेली पोपटी होती, वर भांबुर्ड्याचं एक पान. उरलेली अर्धी परात धुवून लखलखीत, मोकळी. मधली रेघ अशी सरळ, जशी कुणी हातानं आखली असावी.

"पोच्याकडची बाजू," काशीभाऊ म्हणाले. मला काही कळलं नाही. त्यांनी काठावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. "पोच्याकडची बाजू माजी असायची."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. परात घेऊन ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. ज्या माणसानं त्या परातीत सगळ्या गावाला जेवायला बसवलं, त्यानं त्या दिवशी कुणाला ये म्हटलं नाही. वहिनींनी एक शेंग उचलायला हात पुढे केला, तर परात बाजूला सरकवली. एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि थांबले. मग मान वर करून, भिंतीला ऐकू जाईल असं ओरडले,

"मीट नाय रं ह्याला!"

भिंतीपलीकडून आवाज आला. "तुला बिनमिटाचं मडकं येगळं लावलंय. बीपी हाय ना तुला?"

काशीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. बीपीचं मी सांगितलं नव्हतं. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी थोरल्याला गवत घालायला निघून गेल्या होत्या.

काशीभाऊंनी ती अळणी पोपटी शेवटच्या शेंगेपर्यंत खाल्ली.